ससा आणि गिनी पिग एकाच पिंजऱ्यात आहेत, काळजी कशी घ्यायची?

निशिगंध

नमस्कार मंडळी. मावसबहीण शिकायला परदेशी गेली आणि जाताना तिचे दोन प्राणी आमच्याकडे सोपवून गेली. भुरी ही सशी, साधारण तीन वर्षांची, करडी. गोटू हा गिनी पिग, नर, तिच्याहून थोडा लहान. दोघं पहिल्यापासून एकाच पिंजऱ्यात राहतात. पिंजऱ्याचा तळ जाळीचा आहे, खाली ट्रे.

खायला दोघांना सशाचे पेलेट, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या. वाटी सतत भरलेली ठेवायची, असं बहिणीने सांगितलंय. शिवाय रोज गाजर आणि संध्याकाळी एकेक बिस्किट. वाळलेलं गवत पिशवीभर दिलंय तिने, पण एका कोपऱ्यात टाकलं की तसंच पडून राहतं.

आता अडचणी सांगते. भुरीच्या मागच्या बाजूला काळपट, चिकट, वासाची घाण केसांना चिकटलेली असते. एरवीच्या कोरड्या गोल लेंड्याही पडतात, त्यामुळे जुलाब म्हणावेत की नाही ते कळत नाही. लघवी अधूनमधून केशरी-लाल दिसते. गोटू तर दोन-तीन दिवस अंग फुगवून कोपऱ्यात बसतोय. केस राठ झालेत. उचललं की किंचाळतो. खातो, पण बहीण म्हणते तसा तुटून पडत नाही.

भुरीला आंघोळ घालू का? दोघांना वेगळं करावं का? आणि गोटूला डॉक्टरांकडे न्यायला हवं, की नवीन घरामुळे बावरलाय आणि होईल ठीक? आमच्या घरात याआधी कुणी असे प्राणी पाळलेले नाहीत. जे माहीत असेल ते सविस्तर लिहा, प्लीज.

दुर्वा

निशिगंध, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी गोटूला डॉक्टरांकडे न्या. जमलं तर आजच. कुत्र्या-मांजरांसोबत ससे, गिनी पिगही नियमित बघणारे डॉक्टर फोन करून शोधा. या प्राण्यांचं शास्त्र बरंच वेगळं आहे.

माझ्याकडे लोकांना नकोसे झालेले ससे आणि गिनी पिग येत असतात. अंग फुगवून बसलेला, राठ केसांचा, हात लावताच किंचाळणारा आणि सशाच्या पेलेटवर वाढलेला गिनी पिग आला, की मला पहिली शंका क जीवनसत्त्वाच्या कमतरतेची येते. स्कर्व्ही. सांधे सुजतात, दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, चालावंसं वाटत नाही. माणसाप्रमाणेच गिनी पिगचं शरीरही हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. सशाचं यकृत ते बनवतं. म्हणून सशाच्या पेलेटमध्ये ते असेलच असं नाही, आणि त्याच पेलेटवर गिनी पिग मात्र हळूहळू आजारी पडतो. हे फार जुनं ज्ञान आहे. १९०७ साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या संशोधकांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना स्कर्व्ही झाला. माणसांच्या स्कर्व्हीचा उलगडा व्हायला या प्राण्यांची मोठी मदत झाली.

निरोगी गिनी पिगला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. आजारी असेल तर जास्त, पण तो डोस डॉक्टरांनी ठरवायचा. रोजची सोय भाजीतून सहज होते. लाल सिमला मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १२५ मिलिग्रॅम असतं, हिरवीमध्ये ८० च्या आसपास. म्हणजे लाल मिरचीची २०-२५ ग्रॅमची एक फोड रोज दिली की एका गिनी पिगचं भागतं. गिनी पिगसाठीच्या पेलेटमध्ये ते घातलेलं असतं, पण पाकीट जुनं होत जाईल तसं ते विरत जातं. म्हणून छोटं पाकीट घ्या, तारीख बघा, बंद डब्यात अंधाऱ्या जागी ठेवा. पाण्यात थेंब टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाण्यात ते लवकर नष्ट होतं, शिवाय चव बदलली की प्राणी पाणी प्यायचं कमी करतो. मल्टिव्हिटॅमिनही नको, त्यातली अ आणि ड जीवनसत्त्वं प्रमाणाबाहेर जातात.

तरी घरी बसून स्कर्व्हीच म्हणू नका. अशीच लक्षणं मूतखड्याने दिसतात, दाढांच्या दुखण्यानेही दिसतात. गोटू लघवी करताना किंचाळतो का ते बघून डॉक्टरांना सांगा.

आता दोघांच्या खाण्याबद्दल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या आजारी प्राण्यांपैकी बहुतेकांची गोष्ट इथेच सुरू झालेली असते.

ससा आणि गिनी पिग, दोघांचेही सगळे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे पटाशीचे दात वाढतातच, आत न दिसणाऱ्या दाढाही वाढतात. सशाचा पटाशीचा दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतो. हे दात झिजतात ते गवताचे लांब तंतू दाढांत आडवे घोळवून चावताना. पेलेट दोन चाव्यांत चुरा होतो, त्यात दाढेला काही काम नसतं. लाकडाचा ठोकळा कुरतडायला दिला तर पुढचे दात झिजतील, दाढा नाही. मग दाढांना टोकं फुटतात. सशाच्या जिभेला, गालाला ती टोचतात. गिनी पिगच्या खालच्या दाढा तर जिभेवर कमानीसारख्या एकमेकींकडे वाकतात आणि जीभच अडकते. असा प्राणी वाटीपाशी धावत येतो, घास तोंडात घेतो आणि खाली टाकतो. हनुवटी ओली राहते. लोकांना वाटतं नखरे करतोय. त्याला भूक असते, चावता येत नसतं.

दुसरी गोष्ट आतड्याची. यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि त्याला चालवतो तो गवताचा चोथा. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक भलीमोठी पिशवी असते. तिच्यात जंतू गवत आंबवतात आणि त्यातून प्राण्याला पोषण मिळतं. साखर आणि पिष्ट जास्त गेलं की तिथले चांगले जंतू मागे पडतात, वायू धरतो, आतडं मंदावतं. त्यात हे दोन्ही प्राणी उलटी करू शकत नाहीत, आत गेलेलं पुढेच सरकायला हवं.

म्हणून ताटाचा मोठा भाग, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त, वाळलेलं गवत. टिमोथी, ओट, ऑर्चर्ड किंवा साधं कुरणातलं, जे चांगलं मिळेल ते. मोजून द्यायचं नाही, चोवीस तास समोर हवं. हिरवट रंग आणि गोडसर वास असलेलं घ्या. पिवळं पडलेलं, धूळ उडणारं, कुबट वासाचं नको. पेंढा हे गवत नव्हे, तो अंथरायला ठीक, पोषण त्यात जवळजवळ नाही. लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. मोठ्यांना नको, त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं फार, मूतखड्याला आमंत्रण.

पेलेट भुरीला दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅम, एवढेच. गोटूला गिनी पिगचे वेगळे, चमचा-दोन चमचे. पालेभाजी रोज दोघांना: कोथिंबीर, रोमेन लेट्यूस, गाजराचा पाला. हो, गाजराचा पाला रोज चालतो, गाजर मात्र खाऊ म्हणून, बोटाच्या पेराएवढं. त्यात साखर आहे. पालक क्वचित. बिस्किट, पाव, धान्य, दाणे यांतलं काही नको. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट तर अजिबात नाही. पण हे सगळे बदल एका दिवसात करू नका. दोन-तीन आठवडे घेऊन पेलेट आणि गोड कमी करत आणा.

भुरीची चिकट घाण म्हणजे जुलाब नसावेत, तुमच्या वर्णनावरून तरी. सशाला दोन प्रकारच्या लेंड्या होतात. एक कोरड्या, गोल, गवताच्या चोथ्याच्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या, त्या पिशवीतून येणाऱ्या. या दुसऱ्या तो थेट गुदापाशी तोंड नेऊन खातो. ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला त्यातून मिळतात. गिनी पिगही खातो. बघायला विचित्र वाटेल, पण खाऊ द्या, कधीही अडवू नका. पेलेट आणि गोड जास्त झालं की या लेंड्या घोसाऐवजी लगद्यासारख्या होतात आणि पोट भरलेलं असल्याने खाल्ल्या जात नाहीत. लठ्ठ सशाचं तोंड तिथवर पोचतच नाही. मग त्या अशा चिकटतात. आहार सुधारला की बहुतेक वेळा हे थांबतं.

पाण्यासारखं पातळ काही दिसलं, कोरड्या लेंड्या थांबल्या, तर मात्र ताबडतोब डॉक्टर.

आंघोळ नको. ओला ससा गारठतो, घाबरतो, धडपडीत पाठीचा मणका मोडून घेतो. तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने मऊ करून सोडवा आणि पूर्ण कोरडा करा. आणि रोज बघा, दोनदा बघा. अशा घाणीवर माशी अंडी घालते आणि दिवसभराच्या आत अळ्या होऊन त्या कातडीत शिरतात. ससा यात दगावतो.

लाल लघवी सशात बऱ्याचदा नुसत्या रंगद्रव्याची असते, पाल्याप्रमाणे बदलते. दुधाळही असते, कारण जादा कॅल्शियम ससे लघवीतून टाकतात. पण भुरी मादी आहे, तीन वर्षांची आहे. तिची नसबंदी झालीय का? झाली नसेल तर लघवी तपासून घ्याच. नसबंदी न झालेल्या सशींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. चार वर्षांपुढच्या माद्यांत काही जातींत हे प्रमाण निम्म्याहून जास्त दिसलेलं आहे. गिनी पिगच्या लघवीत लाल दिसलं तर वाट बघायची नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर लिहा. वेगळं ठेवण्याबद्दल तेव्हा बोलू.

कापूसकोंड्या

दुर्वा, माहिती छान. पण वेगळं करायची खरंच गरज आहे का? आमच्या शेजाऱ्यांकडे ससा आणि गिनी पिग एकत्र होते, एकमेकांना चिकटून झोपायचे. इतक्या वर्षांची सोबत तोडली तर दोघंही खंगतील, असं मला वाटतं.

शमिका

निशिगंध, डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट लक्षात ठेवून विचारा: औषध कोणतं लिहिताहेत. आमच्या सशाला शिंका येत होत्या. जवळच्या दवाखान्यात त्याला अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं म्हणून वाचला. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर सशाच्या आणि गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत जाऊ शकतो. माणसाच्या औषधांतलं उरलेलं तर कधीच देऊ नका. त्यांच्यासाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा असे सुरक्षित पर्याय आहेत, डॉक्टरांना ठाऊक असतात.

तसंच कुत्र्या-मांजरांच्या मानेवर लावायचं फिप्रोनिलचं गोचीडनाशक सशाला लावू नका. सशांसाठी ते विषारी आहे.

भुरीची नसबंदी करायची ठरलं तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं कुणी सांगेल. कुत्र्या-मांजरांना तसं सांगतात. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ते कारण इथे लागू नाही, आणि उपाशी ठेवलं तर आतडं थांबायचा धोका. आमच्या डॉक्टरांनी तर आवडीचा पाला डब्यात सोबत आणायला सांगितला होता, शुद्धीवर आल्या आल्या समोर ठेवायला.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. दुर्वाताई, त्याच संध्याकाळी गेलो. क जीवनसत्त्वाची कमतरताच निघाली, गुडघे सुजलेत. दाढा ठीक आहेत, मूतखडा नाही. थेंब दिलेत, दुखणं कमी व्हायचं औषध दिलंय, आणि खाणं कमी पडलं तर सिरिंजने भरवायची पावडर. सिमला मिरची समोर ठेवली तर आधी नुसता वास घेत राहिला, मग खाल्ली. लाल आवडली, हिरवी अजून नाही.

भुरीच्या लघवीत रक्त नाही. नसबंदी झालेली नाही, पुढच्या महिन्यात करायचं ठरवतोय. तिच्या मागच्या तळपायांवरचे केस गेलेत आणि कातडी लाल झालीय. डॉक्टर म्हणाले जाळीमुळे. वजन जास्त आहे.

आता प्रश्न: वेगळं करायचं तर नेमकं कसं? गोटू एकटा पडेल ना? भुरी गवत खातच नाही, काय करू? आणि तिला उचलायला गेलं की लाथा मारते, आईच्या हाताला ओरखडे आलेत.

दुर्वा

वेळेत गेलात, फार बरं केलंत. थेंब ठरलेले सगळे दिवस द्या, तो उड्या मारायला लागला तरी मधेच सोडू नका. हिरवी मिरची रोज थोडी समोर ठेवत राहा, पण तिच्यावर अवलंबून राहू नका. गिनी पिगला कुठलं अन्न ‘अन्न’ आहे हे पिल्लू असतानाच कळून गेलेलं असतं, नवीन चीज स्वीकारायला त्यांना वेळ लागतो. म्हणूनच पेलेटचा ब्रँड बदलतानाही जुन्यात नवा मिसळत न्यायचा.

कापूसकोंड्या, एकत्र झोपलेले मीही पाहिलेत. त्यांना दुसरं कुणी नसतं, ऊब हवी असते. तरी मी वेगळंच करायला सांगेन. सशाची लाथ जोरदार असते. तो खेळात मारतो आणि किलोभराच्या गिनी पिगचं हाड मोडतं. नसबंदी न झालेला ससा गिनी पिगवर चढतोही. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. सशांच्या नाकात बोर्डेटेला नावाचे जंतू बरेचदा असतात, सशाला त्यांचा त्रास होत नाही, गिनी पिगला मात्र न्यूमोनिया होतो. तिसरं, खाणं वेगळं. गोटूचं आत्ता जे झालं तेच. आणि भाषा जुळत नाही. सशाला जवळच्याने अंग चाटलेलं आवडतं, तो डोकं खाली घालून तशी मागणी करतो. गिनी पिग एकमेकांना चाटत बसत नाहीत, ते दिवसभर बोलतात. बारीक कुरकुर, शिट्टी, घरघर. ससा उत्तर देत नाही. दोघं एका पिंजऱ्यात असूनही आपापल्या जागी एकटेच असतात.

निशिगंध, म्हणून सोबत तोडायची म्हणजे दोघांना एकटं ठेवायचं नाही. ससा आणि गिनी पिग दोघेही कळपातले. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनी पिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे, आणि मला तो कायदा योग्य वाटतो. गोटू बरा झाला की त्याला जोडीदार बघा. एखादा शांत, लहान वयाचा नर, किंवा गोटूची नसबंदी करून मादी. नसबंदीनंतर चार ते सहा आठवडे मादीजवळ सोडू नका, तेवढे दिवस पिल्लं होऊ शकतात. नसबंदी न करता मादी आणूच नका. मोठ्या वयाच्या गिनी पिग मादीचं पहिलं बाळंतपण जिवावर बेततं, कारण सात-आठ महिन्यांपर्यंत व्यायली नसेल तर तिचं कटीचं हाड पुरेसं फाकत नाही. पिल्लं तर केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात, केवढी मोठी असतात.

नवा प्राणी आला की आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खरूज, दाद, सर्दी जे असेल ते तेवढ्यात दिसतं. दाद माणसालाही होते, तोवर हाताळल्यावर हात धुवा. मग दोघांनाही अनोळखी अशा मोकळ्या जागेत भेटवा, गवताचा मोठा ढीग मधे ठेवून. दात कडकड वाजवणं म्हणजे राग. मागून फिरणं, घरघरणं, एकमेकांवर चढणं चालू द्या. रक्त निघालं तरच सोडवा, तेही जाड टॉवेलने, मोकळा हात मधे घालू नका. भुरीसाठी नर सशाचा विचार तिची नसबंदी होऊन जखम भरल्यावर.

तोवर पिंजरे शेजारी शेजारी ठेवा, मधे जाळी. एकदम खोल्या बदलू नका.

जाळीचा तळ आजच बंद करा. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. त्यात वजन जास्त, म्हणून भुरीचं असं झालं. पुठ्ठा, त्यावर जाड सुती चादर किंवा फ्लीस, त्यावर गवत. ओलं झालं की त्याच दिवशी बदलायचं. देवदाराचा भुसा नको, त्याच्या वासाने श्वसनाला आणि यकृताला त्रास होतो. जागा म्हणाल तर दुकानात मिळणारे बहुतेक पिंजरे दोघांनाही अपुरे. दोन गिनी पिगना किमान साडेसात चौरस फूट सपाट जमीन लागते. मजले चढवून ती भरून निघत नाही, ते चढणारे प्राणी नाहीत. सशाला तीन उड्या सलग मारता याव्यात, मागच्या पायांवर उभं राहता यावं, आणि रोज काही तास मोकळं फिरता यावं. फिरताना वायरी उचलून ठेवा, सशाला वायर दिसली की कुरतडणारच. दोघांनाही लपायला घर हवं, दोन दारांचं, म्हणजे एक दुसऱ्याला कोंडणार नाही. गिनी पिगसाठी चाक, गोल चेंडू असलं काही विकत घेऊ नका, त्यांचा मणका त्यासाठी नाही.

गवत न खाण्याचं सांगते. भुरीला गवत आवडत नाही असं नाही, तिला भूकच लागत नाही, वाटी भरलेली आहे. पेलेट दोन वेळच्या मापावर आणा आणि गवत तिच्या ‘संडासाच्या’ ट्रेमध्ये एका टोकाला भरा. ससे बसल्या बसल्या खातात आणि लेंड्या टाकतात, दोन्ही एकाच वेळी. कोपऱ्यातलं गवत ज्या सशाने कधी हुंगलं नाही तोच ट्रेमधलं तासभर खाताना मी पाहिलाय. कागदी नळीत गच्च कोंबून द्या, त्यात कोथिंबिरीच्या दोन काड्या लपवा. रोज ताजं घाला, कालचं त्यांना शिळं वाटतं. मात्र गवत खायला लागावी म्हणून उपाशी ठेवायचं नाही. पाणी बाटलीसोबत जड वाडग्यातही ठेवा. वाडग्यातून ससे जास्त पितात.

उचलण्याबद्दल. बहुतेक सशांना उचललेलं आवडत नाही, कारण त्यांना उचलतो तो शिकारी. भुरीचा काही दोष नाही. तुम्ही जमिनीवर बसा, काही वाचा, तिला येऊ द्या. समोरून नाकापाशी हात नेऊ नका, सशाला थेट नाकासमोरचं दिसत नाही. कपाळावरून, कानांच्या मुळाशी कुरवाळा. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच स्वतःच्या अंगाशी घट्ट. मागचे पाय लोंबले की ती झटका देईल, आणि त्या झटक्याने स्वतःचाच कणा मोडू शकते, इतके तिच्या पायांचे स्नायू दणकट आणि हाडं हलकी असतात. कान धरून कधीही नाही. उताणं झोपवून ‘शांत’ करायची युक्ती व्हिडिओंत दाखवतात, ती शांतता नसते. भीतीने थिजलेला प्राणी असतो तो.

नखं चार-सहा आठवड्यांनी बघा. भुरीची अठरा, गोटूची चौदा. आतली लाल शीर सोडून टोक कापायचं. गडद नखांत शीर दिसत नसेल तर खालून टॉर्च धरा. एक जण धरायला, एक कापायला. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या. दात मात्र घरी कधीच कापू नका, उभे चिरतात.

आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा या कामासाठी वेगळा ठेवा. दर आठवड्याला ठरल्या वारी वजन, वहीत ग्रॅममध्ये. हे शिकार होणारे प्राणी आहेत, दुखणं लपवतात. चेहऱ्यावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, वजन आधी सांगतं. गोटूचं सध्या रोज करा, एकाच वेळी. बरा झाल्यावरही आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त घट दिसली तर मी डॉक्टरांना फोन करते.

कापूसकोंड्या

जंतूंचं माहीत नव्हतं. शेजाऱ्यांना हा धागा पाठवतो. एक विचारू? उन्हाळ्यात गॅलरीत ठेवलेले चालतात का?

दुर्वा

नको. दोघांनाही घाम येत नाही. सशाची उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर जाते, गिनी पिगला तीही सोय नाही. १५ ते २२ अंशांत ते सुखी असतात, २८ च्या पुढे, त्यातून दमट हवा असेल तर, उष्माघात होतो. घरातली सर्वांत थंड खोली द्या. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, टेकायला थंड फरशीचा तुकडा ठेवा, पंख्याचा झोत थेट अंगावर नको. आडवा पडून भराभर श्वास घेत असेल, तोंड उघडं असेल, कान तापलेले असतील तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच जातो.

निशिगंध

शेवटचा प्रश्न, कारण याचीच धास्ती आहे. रात्री-अपरात्री काही झालं तर? ‘सकाळी नेऊ’ आणि ‘आत्ताच न्यायचं’ यांतला फरक कसा ओळखायचा?

दुर्वा

आवडीची गोष्ट नाकापुढे धरा. भुरीला कोथिंबीर, गोटूला लाल मिरची. तोंड फिरवलं आणि गेल्या काही तासांतल्या लेंड्या नाहीत, किंवा बारीक, कोरड्या, मोजक्याच आहेत, तर आतडं मंदावतंय. गोळा होऊन बसणं, डोळे अर्धवट मिटणं, दात करकरवणं, पोट ताठ लागणं ही त्याचीच लक्षणं. यात सकाळ होऊ देऊ नका. आठ-दहा तास काहीच न खाल्लेला ससा किंवा गिनी पिग म्हणजे तातडीची केस. श्वास घेताना आवाज, मान एका बाजूला कलणं, मागचे पाय ओढत चालणं, पाण्यासारखे जुलाब, यांतही तसंच.

पोट फुगून ताठ झालं असेल तर घरी सिरिंजने काही भरवू नका. आत अडथळा असेल तर जीव जाईल. फुगलेलं नसेल आणि डॉक्टरांनी फोनवर हो म्हटलं तर ती पावडर पातळ करून, तोंडाच्या कडेने, पटाशीच्या दातांमागच्या रिकाम्या जागेतून, एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर. गिळलं की पुढचं. उताणं धरून भरवायचं नाही, फुप्फुसात जातं.

रात्री उघडं असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आत्ताच शोधा, ‘ससे, गिनी पिग बघता का’ हे विचारून घ्या, आणि पिंजऱ्यावर चिकटवून ठेवा. नेताना टोपलीत गवत घाला, आणि सोबत त्या दिवशीच्या लेंड्या पिशवीत घेऊन जा. डॉक्टर आधी त्याच मागतील.